एक राष्ट्रभाषा हवी का? विट्याची दिवाळी आणि उमदीच्या अज्जींची सही

दिवाळीत विट्याला मामांच्या घरी सगळे जमलो होतो. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातल्या लोकांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो, आमच्या या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यावर उभी राहिली, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम, आणि त्यासाठी पोरं पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल कुठं कुठं गेली आणि तिथलीच झाली. मामा तीस वर्षं कोईमतूरला आहेत. तमिळ अशी बोलतात की फोनवर ऐकलं तर आपला माणूस आहे हे कळत नाही.

जेवणं झाल्यावर बहिणीच्या पोरीनं पुस्तकातला प्रश्न विचारला, भारताची राष्ट्रभाषा कोणती. भाऊजी पटकन म्हणाले हिंदी. मी म्हटलं तशी कुठलीच नाही. तिथनं जे सुरू झालं ते रात्री साडेबारापर्यंत. भाऊजींचं म्हणणं, नसेल तर करायला पाहिजे, एवढा मोठा देश, एक भाषा नको का? आणि हे म्हणणं वेडगळ नाही, मनापासनं म्हणणारी लाखो चांगली माणसं आहेत, म्हणून मला वाटलं एकदा हे सगळं नीट सुटं करून मांडावं.

पहिली गोष्ट शब्दांची, कारण निम्मं भांडण तिथंच आहे. आपल्या राज्यघटनेत भाषेसाठी सतरावा भाग आहे, कलम ३४३ ते ३५१. त्यात राष्ट्रभाषा म्हणून कुठल्याच भाषेला मान दिलेला नाही. कलम ३४३ म्हणतं की देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा. राजभाषा म्हणजे कारभाराची भाषा, केंद्र सरकारच्या फायली, पत्रं, आदेश ज्या भाषेत चालतात ती. राष्ट्रभाषा म्हटलं की अर्थ वेगळा होतो, ती देशाची ओळख होते, म्हणजे ती ज्याला येते तो जरा जास्त या देशाचा आणि ज्याला येत नाही तो जरा कमी. आणि तिसरी असते संपर्कभाषा, जी कुणी ठरवत नाही, ट्रक ड्रायव्हर, फौजी, सिनेमा आणि बाजार ती ठरवतात. आपण या तिन्ही गोष्टी एकाच पिशवीत भरतो आणि मग भांडतो.

२०१० ला गुजरात हायकोर्टासमोर एक मागणी आली होती, की वस्तूंच्या पाकिटावर किंमत वगैरे माहिती हिंदीत छापायची सक्ती करा, कारण हिंदी राष्ट्रभाषा आहे. कोर्टानं सांगितलं, लोक तसं मानत असतील, पण तसं जाहीर करणारी तरतूद किंवा आदेश रेकॉर्डवर काही नाही.

मग आपल्या डोक्यात राष्ट्रभाषा हा शब्द एवढा पक्का कसा बसला? तो स्वातंत्र्यलढ्यातनं आलाय. गांधीजींच्या पुढाकारानं १९१८ ला मद्रासमध्ये हिंदी प्रचाराचं काम सुरू झालं, १९३६ ला वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती झाली, पुण्यात महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा झाली, आणि आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं शाळेतनं त्या हिंदीच्या परीक्षा दिल्या, ज्यांना सगळे राष्ट्रभाषेच्या परीक्षाच म्हणायचे. माझ्या आईची ती सर्टिफिकेटं अजून ट्रंकेत आहेत. तेव्हा त्या शब्दामागं इंग्रजांची भाषा सोडून आपली काहीतरी धरू ही तळमळ होती आणि मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण देश स्वतंत्र झाला, घटना लिहायला बसले, आणि तिथं वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं समोरासमोर आली तेव्हा कळलं की गोष्ट एवढी सोपी नाही.

घटना समितीत या विषयावर बराच वाद झाला. अंक कुठले वापरायचे, देवनागरी की आंतरराष्ट्रीय, यावरसुद्धा तासन् तास. शेवटी १४ सप्टेंबर १९४९ ला तडजोड झाली, ती मांडणाऱ्या दोन सदस्यांच्या नावावरनं तिला मुन्शी-अय्यंगार फॉर्म्युला म्हणतात. हिंदी राजभाषा, पण इंग्रजी पुढची १५ वर्षं चालू राहणार, म्हणजे २६ जानेवारी १९६५ पर्यंत. तोवर सगळे हिंदी शिकतील अशी अपेक्षा. ती तारीख जवळ आली तशी तमिळनाडूत, तेव्हाच्या मद्रास राज्यात, आग पेटली. १९६३ च्या राजभाषा कायद्यात इंग्रजी पुढंही चालू राहू शकेल असं होतं, पण राहीलच असं नव्हतं, आणि त्या एका शब्दावर लोकांचा विश्वास बसला नाही. कॉलेजची पोरं रस्त्यावर आली, गोळीबार झाले, काही जणांनी स्वतःला जाळून घेतलं. दिल्लीत शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळातल्या सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन यांनी राजीनामे दिले. दोन वर्षांनी, १९६७ च्या निवडणुकीत मद्रासमधनं काँग्रेसची सत्ता गेली. त्याच वर्षी कायदा बदलला आणि त्यात असं लिहिलं की ज्या राज्यांनी हिंदी राजभाषा म्हणून घेतलेली नाही त्या सगळ्यांच्या विधिमंडळांनी इंग्रजी बंद करा असा ठराव केल्याशिवाय इंग्रजी जाणार नाही. सगळ्यांच्या. म्हणजे एकट्या नागालँडनं नाही म्हटलं तरी इंग्रजी राहते, आणि नागालँडची तर राजभाषाच इंग्रजी आहे.

भाऊजी म्हणाले, पण हिंदी जास्त लोकांना येते ना, मग बहुमतानं ठरवा. बरं, आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत हिंदी मातृभाषा सांगणारे सुमारे ५२.८ कोटी, ४३.६ टक्के. सगळ्यात मोठा आकडा यात वादच नाही, बंगाली ९.७ कोटी, मराठी ८.३ कोटी, लांबच आहेत. पण ४३ म्हणजे निम्मे नव्हेत. आणि त्या ५२.८ कोटींच्या पोटात बघितलं तर ५ कोटी भोजपुरीवाले आहेत, अडीच कोटी राजस्थानी, दीड कोटीच्या वर छत्तीसगढी, अशा पन्नासेक बोली हिंदीच्या खात्यात जमा केल्यात. घरात भोजपुरी बोलणारं पोरगंसुद्धा शाळेत जाऊन पुस्तकी हिंदी शिकतंच की. उलट इंग्रजी मातृभाषा सांगणारे किती, तर २ लाख ६० हजारच्या आसपास, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या लोकसंख्येएवढेसुद्धा नाहीत.

आता एक भाषा हवी म्हणणाऱ्यांची बाजू, आणि ती मी अर्ध्या मनानं मांडणार नाही. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथं पिढ्यान् पिढ्या लोक फौजेत जातात. तिथल्या पोराला पंजाबी, गढवाली, तमिळ पोरांबरोबर राहायचं असतं, तिथं हिंदी चालते आणि ती चाललीच पाहिजे, बर्फात उभं राहून दुभाषा शोधणार का? त्यावर कुणी आंदोलन केल्याचं मी ऐकलं नाही. कामासाठी एक भाषा लागते, खर्च वाचतो, कायदा एकाच शब्दांत लिहिला तर दोन अर्थ निघत नाहीत, गरीब माणसाला दुसऱ्या राज्यात काम शोधता येतं. कुपवाड एमआयडीसीत बिहारची पोरं आणि आपले मुकादम काय बोलतात, हिंदीच ना, तोडकीमोडकी का होईना. आणि इंग्रजीचं पण खरं बोलू, ती मराठी आणि तमिळ माणसाला सारखीच परकी आहे हे खरं, पण पैसेवाल्याच्या आणि रोजगारावर जाणाऱ्याच्या पोराला ती सारखी परकी नाही.

मग दुसऱ्या देशांनी काय केलं. पाकिस्तानात निम्म्याहून जास्त लोक पूर्वेकडं राहायचे आणि बंगाली बोलायचे. मार्च १९४८ मध्ये जिना ढाक्याला गेले आणि सांगितलं की पाकिस्तानची राजभाषा उर्दू आणि फक्त उर्दू. उर्दू ज्यांची घरची भाषा असे लोक तिथं मूठभर होते. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, १९५६ ला बंगालीलाही मान्यता दिली, पण मनं एकदा विटली ती विटली आणि १९७१ ला बांगलादेश झाला. फक्त भाषेमुळं झाला असं मी म्हणत नाही, पैसा, सत्ता, निवडणुकीचा निकाल सगळं होतं, पण पहिली चीर तिथं पडली. श्रीलंकेत १९५६ ला फक्त सिंहलीचा कायदा केला. वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या तमिळ कर्मचाऱ्याला सिंहली आली नाही तर बढती नाही, पुढं नोकरीही नाही. १९८७ ला तमिळलाही राजभाषा केलं, तोवर युद्ध सुरू होऊन चार वर्षं झाली होती आणि ते २००९ पर्यंत चाललं. दोन्हीकडं हेतू देश एक करायचा होता.

पण एक भाषा करून यशस्वी झालेला देशही आहे, इंडोनेशिया. सातशेच्या आसपास भाषा, हजारो बेटं, आणि तरी आज जवळजवळ सगळ्यांना बहासा इंडोनेशिया येते. कसं जमलं हे बघण्यासारखं आहे. तिथं सगळ्यात जास्त लोक जावानीज बोलणारे, नेतेही बरेचसे त्यातलेच. पण १९२८ ला तरुणांच्या परिषदेनं शपथ घेतली ती मलाय भाषेची, जी बंदरांमध्ये व्यापाऱ्यांची कामचलाऊ भाषा होती आणि फार थोड्यांची घरची. म्हणजे सगळ्यात मोठ्या भावानं आपली भाषा पुढं केली नाही. परीक्षेला बसताना जवळजवळ सगळे शून्यावरनं सुरू झाले, घरी फुकटचे मार्क फार थोड्यांनाच मिळाले. म्हणून कोणी इंडोनेशियाचं उदाहरण दिलं की मी विचारतो, मग आपल्याकडं तशी भाषा कुठली? उत्तर नाही मिळत. स्वित्झर्लंडनं उलटं केलं, चार भाषा ठेवल्या, त्यातली रोमांश बोलणारे एक टक्काही नाहीत आणि तरी १९३८ ला मतदान घेऊन तिला राष्ट्रभाषा केलं. छोटा, श्रीमंत देश आहे, आपल्याला जसंच्या तसं लागू नाही, पण देश मोडला नाही एवढं खरं.

हे सगळं मी त्या रात्री सांगितलं, पण मला हा प्रश्न पुस्तकातनं कळलेला नाही, मिरजेतल्या एका बँकेत कळला.

आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर जत तालुक्यातलं, उमदीच्या बाजूचं. तिकडं, कर्नाटकच्या हद्दीला लागून, घराघरात कन्नड. त्यांची आई, आम्ही सगळे अज्जीच म्हणतो, मिरजेत डोळ्याच्या ऑपरेशनला आल्या होत्या, पैसे काढायचे होते आणि केवायसीचा फॉर्मही भरायचा होता, म्हणून मी बरोबर गेलो. फॉर्म हिंदी आणि इंग्रजीत. बँकेचे फॉर्म तीन भाषांत, म्हणजे इथं मराठीतही ठेवायचे हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मी विचारलं तर मराठीतले संपलेत म्हणाले. काउंटरवरचा मुलगा नवीन होता, दरभंग्याचा. त्यानं अज्जींची सही स्क्रीनवर बघितली, स्लिपवर बघितली, आणि हिंदीत म्हणाला, अम्मा, मॅच नाही होत. आता कन्नड अक्षरं गोल गोल, ज्याला वाचता येत नाही त्याला दोन सह्या एक की वेगळ्या हे कसं कळणार, त्याचीही चूक नाही. तो हिंदीत बोलणार, मी काकूंना मराठीत सांगणार, काकू अज्जींना कन्नडमध्ये. एका सहीसाठी चार माणसं. मागं रांग वाढली. मग त्यानं शाईचा पॅड पुढं सरकवला, अंगठा लावा.

अज्जींनी हात मागं घेतला.

त्या चौथी शिकलेल्या. त्यांच्या वयाच्या बाईनं त्या भागात चौथी शिकणं म्हणजे काय ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. कन्नड पोथी रोज वाचतात, दुधाचा हिशेब स्वतः लिहितात. त्या कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या की मला लिहिता येतं. मला कन्नड येत नाही पण ते वाक्य समजायला भाषा लागली नाही. दारावरचा वॉचमन जत तालुक्यातल्याच संखकडचा निघाला, कन्नड वाचणारा, तो आला, दोन्ही सह्या बघितल्या आणि सांगितलं, साहेब, दोन्हीत एकच नाव लिहिलंय, म्हाताऱ्या आहेत, हात थरथरतोय एवढंच. काम झालं. बाहेर पडताना त्या मुलाशी दोन मिनिटं बोललो, त्याची घरची भाषा मैथिली. २००३ ला घटनेतल्या मान्य भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत आलेली. तोही हिंदी शाळेतच शिकलाय.

तेव्हापासनं मला राष्ट्रभाषा कुठली हा प्रश्न थोडा दुय्यमच वाटतो. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की सरकारी खिडकीच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी आहेत आणि त्यांची भाषा एक नाही, तर शिकायचं कुणी? आतल्यानं की बाहेरच्यानं? आतल्याला पगार आहे, ट्रेनिंग आहे, भाषांतर करणारा कॉम्प्युटर आहे, आता सरकारचंच भाषिणी नावाचं भाषांतराचं साधन आहे. बाहेरच्याकडं एक पिशवी आणि पासबुक. एकच राष्ट्रभाषा जाहीर केली की हे ओझं एका सहीनं कायमचं बाहेरच्या माणसावर जातं, आणि तेही सगळ्याच बाहेरच्यांवर नाही, ज्यांची ती घरची भाषा नाही फक्त त्यांच्यावर. म्हणून मी तिच्या विरोधात आहे. हिंदीशी माझं काहीच वाकडं नाही.

आणि ओझं उलट बाजूला टाकता येतं, त्यानं देश मोडत नाही, हे आपल्याच डोळ्यासमोर आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, माण, खटाव, कुठल्याही रस्त्यावर पहाटे चारला पळणारी पोरं दिसतात, भरतीची. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांच्या कॉन्स्टेबल भरतीचा पेपर आधी फक्त हिंदी आणि इंग्रजीत असायचा. म्हणजे धावण्यात आपलं पोरगं कुणाला ऐकणार नाही, पण पेपरात प्रश्न समजून घेण्यातच वेळ जायचा. २०२४ पासनं तो पेपर मराठीसकट १३ प्रादेशिक भाषांतही होतो. भरती झाल्यावर ती पोरं हिंदी शिकतातच, सहा महिन्यांत फाडफाड बोलतात. फक्त दारात अडवलं जात नाही.

कोर्टाचं मात्र अजून तसंच आहे. ऑगस्ट २०२५ पासनं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, सांगली-साताऱ्याच्या पक्षकाराला आता मुंबईला जाऊन लॉजवर राहायला नको, किती वर्षांचं दुखणं गेलं. पण कलम ३४८ प्रमाणं हायकोर्टाची भाषा इंग्रजी. तालुक्याच्या कोर्टात मराठीत चाललेली आपल्याच बांधाची केस वर गेली की आपल्यालाच कळत नाही, वकील बाहेर येऊन सांगेल ते खरं. राज्यपाल राष्ट्रपतींच्या संमतीनं हायकोर्टात राज्याची भाषा वापरायला परवानगी देऊ शकतात, ती तरतूद त्याच कलमात आहे, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार इथं त्यावरच हिंदी चालते. तमिळनाडूनं मागितलं, मिळालं नाही. हा दुजाभाव मला खुपतो. हिंदीला जे मिळतं ते तमिळला आणि मराठीला का नाही, यावर कुणी मला पटेल असं उत्तर दिलेलं नाही.

शाळेत पहिलीपासनं हिंदी सक्तीचं २०२५ मध्ये आपल्याकडं महाराष्ट्रात झालंच, एप्रिलमध्ये जीआर निघाला, जून संपायच्या आत मागं घेतला. मला ते मागं घेणं बरोबर वाटलं, सहा वर्षांच्या पोराला आधी त्याची एक भाषा नीट वाचू द्या. मोठेपणी हिंदी येतेच, टीव्ही आणि मोबाइल शिकवतात.

अज्जींची ही गोष्टही मी त्या रात्री सांगितली. भाऊजींनी शेवटी मामांनाच विचारलं, तुम्ही सांगा, तुम्हाला तिकडं हिंदी नाही म्हणून किती त्रास झाला असेल. मामा म्हणाले, झाला की, पहिलं वर्ष नुसता हातवाऱ्यांवर काढलं, सराफ कट्ट्यावर ग्रॅम आणि रुपये तेवढे शब्द शिकलो, बाकीचं शेजारच्या चहावाल्यानं शिकवलं. पण मी तिथं पोट भरायला गेलो होतो. त्यांच्या गावात जाऊन त्यांची भाषा शिकायची ते माझं काम. तुमच्या त्या अज्जी कुठं गेल्या होत्या? त्या आपल्या मुलखातच होत्या, बँक त्यांच्या दारात आली.

मला त्या रात्री यापुढं काही बोलायला सुचलं नाही, पण नंतर विचार करताना हेच वाक्य उलटं आपल्यावर येऊन पडलं. जतचे कन्नड लोक महाराष्ट्रात आले नाहीत, १९५६ ला राज्यांचे नकाशे आखले तेव्हा रेघ त्यांच्या गावापलीकडनं गेली. बेळगाव, निपाणीच्या मराठी लोकांचंही तसंच झालं, फक्त रेघ अलीकडनं गेली. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाची सरकारी परिपत्रकं, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात हे दिल्लीत कधीच ठरलंय, बेळगावचे आपले लोक त्यावरच बोट ठेवून मराठीत कागदपत्रं मागतात आणि आपण सगळे त्यांच्या बाजूनं उभे राहतो, राहिलंच पाहिजे. कलम ३५० तर सांगतं की कुणीही राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत आपलं गाऱ्हाणं देऊ शकतो. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, ही आपली चांगली गोष्ट. पण त्याच शाळेत शिकलेला माणूस शेताचा सातबारा काढायला जातो तेव्हा उतारा मराठीत निघतो. बेळगावकडच्या मराठी शेतकऱ्याचा कन्नडमध्ये निघतो. दोघंही तो घडी घालून खिशात ठेवतात आणि घरी आल्यावर शाळेत जाणाऱ्या नातवाला हाक मारतात, की बघ रे, यात काय लिहिलंय.